निगेटिव्ह फेकू नका!

परवा आम्ही चार जुने कॅमेरावाले सुलतान बाजारात चहाला भेटलो. विषय निघाला आपल्या हैदराबादच्या राजा दीनदयाळांचा. जन्म १८४४, मीरतजवळच्या सरधन्याचा. इंदुरात बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, तिथेच कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८९२ मध्ये त्यांनी इथे खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो सांभाळणारीही बाईच!

त्यांचं काम आज पाहायला मिळतं, ते काचेच्या निगेटिव्ह टिकल्या म्हणून. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने अशा २,८५७ प्लेटा संग्रही घेतल्या.

आणि आपण? आमच्याकडे आगफा क्लिक थ्री होता. एका रोलवर बाराच फोटो, त्यातच मुंज, सहल, दिवाळी बसवायची. प्रिंट अल्बममध्ये लावल्या; निगेटिव्ह मात्र घर बदलताना मीच रद्दीत टाकल्या. आता आईच्या एकुलत्या एका हसऱ्या फोटोवर, नेमका चेहऱ्यावरच, डाग पडलाय. मूळच नाही, तर नवी प्रत कुठून काढणार?

बँकेच्या भाषेत सांगतो. प्रिंट म्हणजे पासबुक, निगेटिव्ह म्हणजे लेजर. पासबुक हरवलं तर नवं मिळतं. लेजर गेलं की हिशेबच गेला.

तेव्हा कपाटातली ती पाकिटं आजच शोधा. कोरड्या जागी ठेवा आणि वर नावं, साल लिहा. फोटोतलं कोण कोण हे सांगणारे आता आपणच उरलोय.