शनिवारचा धंदेवाईक

‘धंदेवाईक’ हा शब्द मराठीत कौतुकाने फारसा वापरला जात नाही. खेळाच्या बाबतीत तर नाहीच. खेळ ही हौस आणि पोटासाठी नोकरी, अशी आपल्याकडची जुनी वाटणी. मुंबई क्रिकेटचे वैभव याच वाटणीवर उभे राहिले. कसोटीवीर बँकेत, रेल्वेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरीला असे, कचेरीच्या संघातून टाइम्स शील्ड खेळे, आणि 1948 पासून पावसाळ्यातल्या रविवारी कांगा लीगच्या चिखलात उतरे. पगार मिळे तो कर्मचारी म्हणून. खेळ हाच ज्याला व्यवसाय करायचा असेल, त्याला साता समुद्रापलीकडे जावे लागे. आणि तेही लंडनला नव्हे, तर लँकेशायरच्या गिरणगावांत.

तिथेच का, याचे उत्तर गिरणीच्या भोंग्यात आहे. 1850च्या कारखाना कायद्याने इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत स्त्रिया आणि अल्पवयीनांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही अर्धा दिवस मोकळा मिळाला. ही मोकळी दुपार आणि खिशातली मजुरी यांतून आधी फुटबॉल वाढला. पैसे घेऊन खेळण्याला 1885 साली तिथे अधिकृत मान्यता मिळाली. 1888 साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारांपैकी सहा क्लब लँकेशायरचे होते: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. विणकराला मजुरी तशी खेळाडूला, यात तिथल्या कामगाराला वावगे वाटत नव्हते. 1892ची लँकेशायर क्रिकेट लीग याच मातीत रुजली. आपल्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवायलाच नारायण मेघाजी लोखंडे यांना 1890 पर्यंत झगडावे लागले होते, हे या संदर्भात आठवावे.

लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक संघात एकच धंदेवाईक, बाकी दहा जण गावचे. त्यामुळे सारा भार त्या एकावर. त्याने धावाही करायच्या, बळीही घ्यायचे आणि क्लबच्या पोरांना शिकवायचेही. अर्धशतक झाले की प्रेक्षकांत त्याच्यासाठी वर्गणी फिरे. पुढचा करार मात्र कामगिरी पाहूनच. 1929 साली वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनला आला आणि परदेशी खेळाडूंची वाट रुंद झाली. अमरसिंग कोलनला गेले, लाला अमरनाथ नेल्सनला, आणि आपले सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला. ज्या लँकेशायरच्या कापडाने इथल्या विणकरांचे माग थांबवले, तेच आता इथल्या खेळाडूला कसबाची मजुरी देत होते.

या मजुरीचा आणि मायदेशाच्या मानाचा सामना 1952 साली झाला. मुंबईकडून खेळणारे विनू मंकड यांना हॅस्लिंग्डन क्लबचा करार मिळत होता. इंग्लंड दौऱ्यावरच्या भारतीय संघात आपली निवड नक्की आहे काय, एवढेच त्यांनी क्रिकेट मंडळाला विचारले. मंडळाने हमी नाकारली, मंकडांनी करार केला. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर गेले, आणि कर्णधार हजाऱ्यांच्या संघाला मंकडांची आठवण झाली. क्लबने त्यांना मोकळे केले. लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या आणि मध्यंतरी 73 षटके टाकून पाच बळी घेतले. सामना भारत हरला, पण तो मंकडांचा सामना म्हणूनच ओळखला जातो. भाकरीची चौकशी करणे म्हणजे देशाशी बेइमानी नव्हे, हे त्यांनी न बोलता दाखवले.

सुभाष गुप्ते यांची कहाणी याहून लांबची आणि कडू. 1929 साली मुंबईत जन्मलेला हा लेगस्पिनर रिश्टनचा धंदेवाईक होता. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी एका डावात 102 धावांत नऊ बळी घेतले. 1961च्या दिल्ली कसोटीच्या वेळी खोलीतल्या सोबत्याने हॉटेलच्या स्वागतिकेला फोन केला, आणि शिक्षा गुप्त्यांनाही झाली. 36 कसोटी, 149 बळी, आणि बत्तिसाव्या वर्षी दार बंद. त्यांनी पत्नीच्या त्रिनिदादमध्ये संसार थाटला आणि 2002 साली तिथेच देह ठेवला. मंडळाच्या लेखी खेळाडू मर्जीवर होता. रिश्टनच्या लेखी तो कराराने बांधलेला कारागीर होता, आणि करार दोन्ही बाजूंना बांधतो.

1 जून 2008 रोजी पनवेलपासून हाकेच्या अंतरावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएलचा पहिला अंतिम सामना झाला. परदेशी खेळाडू करार करून इथे आले होते, आणि एका वेळी चौघांहून अधिक मैदानात नकोत असा नियमही होता. लँकेशायरच्या नियमाचाच तो दूरचा वंशज. उलटा फिरलेला हा प्रवाह पाहताना लिलावातल्या कोटींच्या आकड्यांचे कोणी कौतुक करावे, कोणी नाक मुरडावे. पण खेळाडूचे कसब हे काम आहे आणि कामाला मोल असते, ही गोष्ट आपल्या माणसांना आधी परक्या गिरणगावाने ऐकवली होती. घरात ती मान्य व्हायला अर्धशतक गेले, आणि गुप्त्यांसारख्यांची उमेदही.