माऊसच्या आधीचा रस्ता

वसईत इतिहासावर व्याख्यान म्हटलं की किल्ला, चिमाजी अप्पा आणि १७३९ यांच्याशिवाय सुरुवातच होत नाही. आजचा विषय त्या मानाने बोटभर आहे, अगदी शब्दशः बोटभर. कीबोर्डवरच्या शॉर्टकटचा इतिहास. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, आल्ट-टॅब. यात इतिहास काय असणार, असं तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतंयच. तासाभराने बघू.

पहिली अडचण या शब्दाचीच आहे. शॉर्टकट म्हटलं की आपल्याला आडवाट आठवते. मुख्य रस्ता माऊसचा, आणि घाईत असलेल्यांसाठी कीबोर्डची पायवाट, अशी आपली समजूत असते. कालक्रम पाहिला तर गोष्ट उलट आहे. कीबोर्डचा रस्ता आधीचा, माऊस नंतर आला. आणि काही लोकांसाठी तो जुना रस्ता हाच आजही एकमेव रस्ता आहे. मला आज बोलायचंय ते मुख्यतः त्यांच्याबद्दल, पण तिथवर जायला थोडं मागून यावं लागेल.

सुरुवात टाइपरायटरपासून. १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या यंत्रावर फक्त मोठी अक्षरं उमटायची. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर दोनवर शिफ्ट आली. शिफ्ट म्हणजे सरकणं. कळ दाबली की कागदाचा गाडा खरोखर सरकायचा आणि त्याच दांड्यावरचं दुसरं अक्षर कागदावर आपटायचं. एका कळीला दोन अर्थ देण्याची ही युक्ती. आज आपण जे जे शॉर्टकट वापरतो त्यांचं मूळ इथे आहे: एक कळ धरून ठेवायची, म्हणजे दुसरीचा अर्थ बदलतो.

आपल्याकडे ही युक्ती घरोघर पोचली ती टायपिंगच्या क्लासमुळे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढे कित्येक वर्षं गावोगावी, बहुतेक स्टेशनजवळच्या एखाद्या माडीवर, टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. खाली वडापाव, वर खडखडाट. दहावी-बारावी झालेल्या मुलींना घरचे तिथे पाठवत, कारण सरकारी लिपिकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. वसई-विरारच्या पट्ट्यातून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या प्रमाणपत्रावर संसार उभा केलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुमच्या घरातच असतील. त्या शिकल्या काय? कळफलकाकडे न बघता काम करायला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. राज्यात टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा २०१७ साली झाली, आता संगणकावर होते.

आता कंट्रोल. ही कळ टेलिप्रिंटरच्या घराण्यातली. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाची संकेतावली ठरली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि शिवाय यंत्राला हुकूम देणारे काही आकडे. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक हा हुकूम म्हणून जायचा. जी सातवं अक्षर, सात म्हणजे घंटा, म्हणून कंट्रोल-जी दाबलं की पलीकडच्या यंत्रावर घंटा वाजायची. आय नववं, नऊ म्हणजे टॅब. साधा हिशोब.

त्या काळात पडद्यावर बोट दाखवायला काही नव्हतंच. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कर्सर हलवायला कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स अशा चार कळा होत्या. कीबोर्डकडे बघा: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. चौकट झाली की नाही? ज्यांनी डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस असा कोर्स केलाय त्यांची बोटं अजून ती चौकट विसरलेली नाहीत. गंमत बघा, त्यांच्यासाठी कंट्रोल-एस म्हणजे एक अक्षर डावीकडे. पुढच्या पिढीसाठी तेच 'सेव्ह' झालं.

माऊस जगापुढे आला तो ९ डिसेंबर १९६८ रोजी. सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. उजव्या हातात माऊस होता हे सगळे सांगतात. डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा फलक होता, हे फारसं कुणी सांगत नाही. पेटीच्या सुरांसारख्या दोन-तीन कळा एकत्र दाबायच्या आणि हुकूम द्यायचा. म्हणजे ज्यांनी माऊस दिला त्यांनीही दुसरा हात कळांवरच ठेवला होता.

पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या संपादकात कट, कॉपी, पेस्ट ही रीत बसवली. टेसलर नंतर अ‍ॅपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारी शेजारी असलेल्या चार कळा त्यासाठी वापरल्या गेल्या. एक्स म्हणजे फुली, खोडणं. व्ही का? तर तो आपल्या हंसपदासारखा दिसतो, फक्त उलटा. राहिलेला शब्द ओळीत घुसवायची खूण. मुद्रितशोधकांना हे पटेल.

पण त्याच अ‍ॅपलने १९८४ चा मॅकिंटॉश आणला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या कळा ठेवल्याच नाहीत. लोकांनी माऊसच वापरावा म्हणून. इथे रस्ता बंद होऊ शकला असता.

तो उघडा राहिला याचं श्रेय मी एका कंटाळवाण्या दस्तऐवजाला देतो. १९८७ साली आयबीएमने कार्यक्रमांचा चेहरामोहरा कसा असावा याची नियमावली काढली. तिचं म्हणणं असं, की माऊस असो वा नसो, काम झालं पाहिजे. कारण अगदी व्यवहारी होतं: तेव्हा कितीतरी संगणकांना माऊस नव्हताच. मदतीला एफ-वन, खिडकी बंद करायला आल्ट-एफ-फोर, मेनूतल्या शब्दाच्या एका अक्षराखाली रेघ, एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब. विंडोजने हे उचललं. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये, १९९५ च्या विंडोजमध्ये ते राहिलं आणि आजही आहे. आंधळ्या माणसाचा विचार त्या नियमावलीमागे होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच झाला.

दृष्टिहीनांना अनेक कळा एकत्र दाबणं नवीन नव्हतं. १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी ब्रेल लिहायचं यंत्र केलं. सहा टिंबांना सहा कळा, हव्या त्या एकदम दाबायच्या. संगणक आला तेव्हा प्रश्न उरला पडद्याचा. स्वतः अंध असलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम आणला. तो चांगला, पण महाग. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला आणि तो फुकट ठेवला. आपल्या मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र चालतं, डॉ. सॅम तारापोरवाला यांनी उभं केलेलं.

मग हा माणूस संगणक चालवतो कसा? विंडोजची कळ दाबतो, कार्यक्रमाच्या नावाची दोन-चार अक्षरं लिहितो, एंटर. आल्ट-टॅबने खिडकी बदलतो. आपण कुठे आहोत हे विचारायला इन्सर्ट-टी, की खिडकीचं नाव ऐकू येतं. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. आपण पान नजरेने चाळतो, तो कळीने चाळतो. त्याच्यासाठी हे शॉर्टकट नाहीत हो, हेच चालणं आहे. विरार लोकलच्या दिव्यांग डब्यात कानात इअरफोन घालून बसलेला, मोबाईलवर आपल्याला समजणारही नाही इतक्या वेगाने आवाज ऐकणारा माणूस पाहिलाय ना? ऑफिसात संगणकावर तो याच वेगाने ऐकतो, आणि त्याचे हात कळांवर असतात.

इथे आपल्या मराठीची गोष्ट येऊन मिळते, आणि ती जरा दुखरी आहे.

देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरला आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्याआधी १९८६ मध्ये सरकारने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला होता. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, क च्याच कळीवर शिफ्टने ख. फार विचारपूर्वक केलेली मांडणी आहे. आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. इनस्क्रिप्टवर दोन्ही शब्दांना त्याच पाच कळा लागतात, फरक फक्त एका शिफ्टचा. र च्या कळीवर शिफ्ट धरली की मराठीचा ऱ मिळतो. कोळ्याला डोंगरात पाठवायचं की समुद्रात, हे करंगळी ठरवते.

पण टायपिंग शिकलेल्या हजारो बोटांना रेमिंग्टनची सवय होती, आणि ती मोडणं म्हणजे ३० शब्दांचा वेग गमावणं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजाराने त्यांना सोपा उपाय दिला: जुनाच कळफलक, आणि इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा चढवणारे फॉन्ट. कृतीदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की डोळ्याला मराठी दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. डोळस माणसाला काही फरक पडत नाही. एनव्हीडीए बिचारा पोटातलं वाचतो. एखादा शासकीय आदेश, एखादी प्रश्नपत्रिका, एखादं नोकरीचं पत्र अशा फॉन्टमध्ये आलं तर अंध माणसाच्या कानावर असला अक्षरांचा चिवडा पडतो.

मला यातली विसंगती खरोखर लागते. न बघता टाइप करायला शिकलेल्यांचं लेखन, ज्यांना दिसत नाही त्यांनाच वाचता येत नाही. आणि उपाय अवघड नाही. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते, बोटांची सवय तीच राहते, पोटातलं मराठी खरं होतं. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. मराठी कळफलक चालू असताना म च्या कळीवर कंट्रोल दाबलं तरी कॉपी होतं, कारण ती सी ची कळ आहे. म्हणजे शिकलेलं काही वाया जात नाही.

कायदा आता बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा डिजिटल सेवांनाही लागू होतो. वेबसाइटच्या आंतरराष्ट्रीय मानकांत सर्वांत खालच्या पायरीवरच लिहिलंय की सगळं काम कीबोर्डने व्हायला हवं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेच्या केवायसीत डोळे मिचकावून दाखवा म्हणतात, ते अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी कसं करायचं, असा तो प्रश्न होता.

घरी गेल्यावर एक करून बघा. माऊस उलटा करून ठेवा, लॅपटॉप असेल तर खालच्या पट्टीला हात लावू नका, आणि तुम्ही नेहमी भरता तो कुठलाही ऑनलाइन फॉर्म उघडा. वीजबिल, घरपट्टी, कॉलेजचा प्रवेश, काहीही. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, स्पेस, एंटर आणि बाण. जन्मतारखेच्या रकान्यात कॅलेंडर उघडतं का, उघडलं तर बंद होतं का, 'सबमिट'पर्यंत पोचता का, ते बघा. जिथे अडकाल ती जागा कागदावर लिहून ठेवा आणि त्या कार्यालयाला कळवा. मराठीत कळवा, युनिकोडमध्ये.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.