तळटीप : ‘विंडरश पिढी’

‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जून १९४८मध्ये कॅरिबियन बेटांवरून शेकडो प्रवासी घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागले, त्यावरून हे नाव पडले. १९७३पूर्वी राष्ट्रकुल देशांतून येऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या सर्वांनाच पुढे ते लावले गेले. १९७१च्या कायद्याने त्यांचा राहण्याचा हक्क मान्य केला, पण तसा कागद हाती दिला नाही. कित्येक जण तर लहानपणी आईवडिलांच्या पासपोर्टवर आलेले. २०१२नंतर नोकरी, भाड्याचे घर, बँकखाते, दवाखाना अशा सगळ्याच ठिकाणी कागद मागण्याचे धोरण आले. आयुष्यभर कर भरलेल्यांकडून वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचे पुरावे मागण्यात आले. बंदरावर उतरताना भरलेली जुनी कार्डे मात्र गृहखात्यानेच २०१०मध्ये नष्ट केली होती! लोकांच्या नोकऱ्या गेल्या, एकाची कर्करोगावरची रेडिओथेरपी अडली, काहींना देशाबाहेर धाडले. २०१८मध्ये गृहमंत्री अंबर रड यांनी राजीनामा दिला. लेखक या प्रकरणाला ‘प्रशासकीय चूक’ म्हणतात. ते आम्हाला पटत नाही. ज्यांच्याकडे कागद मागितले गेले ते बहुतांश कृष्णवर्णीय होते, आणि वेंडी विल्यम्स यांच्या २०२०च्या अहवालानेही वंशाच्या प्रश्नाबाबत गृहखात्याच्या संस्थात्मक अज्ञानावर व बेपर्वाईवर बोट ठेवले आहे. — संपादक