सावंतवाडीचे चितारी

लांकडावर पाण्याचा रंग सहजासहजीं टिकत नाहीं. लांकूड तो पिऊन टाकतें, रेषा फुटते, आणि उरलेलें काम कोंकणांतला पावसाळा पुसून नेतो. ही अडचण ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवारली, त्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा इतिहास राजांच्या लढायांत शोधावयाचा नसतो. तो त्यांनीं रंगविलेल्या पाटांवर, चौरंगांवर, पाळण्यांवर आणि गंजिफांवर वाचावा लागतो.

ही मंडळी कारवार-गोव्याकडून वाडीस आली असें सांगतात. त्यांची युक्ति अगदीं घरगुती होती. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करावयाची. तींत खडूची पूड कालवून लांकडावर लेप द्यावयाचे, आणि वाळल्यावर ते घासून गुळगुळीत करावयाचे. या पांढऱ्या भूमीवर डिंकाच्या पाण्यांत कालविलेला रंग हवा तेथें थांबतो. शेवटीं लाखेचा हात दिला कीं पाणी बाहेर राहतें आणि रंगास तेज येतें. खेळण्यांस पांगाऱ्याचें हलकें लांकूड घेत. तें कोरावयास सोपें व लेंकरांच्या हातीं देण्यास बरें.

गंजिफांचें काम याहून कठीण. हा खेळ मोंगलांबरोबर या देशांत रुजला. 1527 सालीं बाबरानें सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोंगली जोडांत आठ रंग व 96 पानें. हिंदु चिताऱ्यांनीं त्यांत दशावतार बसविले आणि पानें 120 केलीं: प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान व दहा साधीं पानें. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कांसव, परशुरामाची परशु. मात्र चिताऱ्याची खरी परीक्षा या चित्रांत नसे, पानांच्या पाठींत असे. 120 पाठींपैकीं एकीचीही छटा निराळी पडली कीं खेळणारा तें पान ओळखी, आणि सबंध जोड वायां जाई!

तिसरे खेम सावंत (कारकीर्द 1755 ते 1803) यांच्या दरबारीं या कलेस आश्रय मिळाला. पुढें छापील पत्ते आले. हातानें रंगविलेल्या जोडास त्यांच्या किंमतीशीं झुंजतां येईना. लोकांची अभिरुचि बिघडली असें म्हणणें सोपें आहे. परंतु चार आण्यांत खेळ होत असतां महिन्याची मेहनत कोण विकत घेईल? चितारआळींतलीं लांकडी फळें व भाज्या खपत राहिलीं. गंजिफा मात्र मागें पडल्या. संस्थान 1948 सालीं विलीन झालें आणि दरबारचें गिऱ्हाईकही गेलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही विद्या जाणणारे वृद्ध चितारी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. तेव्हां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यांतच कारागीर बसविले. जेथें पूर्वीं मुजरे होत, त्या दरबार-दालनांत गंजिफांच्या गोल पानांवर कुंचले फिरूं लागले.