न चिकटणारे प्लास्टिक : दुरुस्तीमागील शास्त्र आणि पद्धती

बुलढाणा जिल्ह्यातील शेतीचा मोठा भार आज प्लास्टिकवर आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा परिसरातील बीजोत्पादनाची शेडनेट, ठिबकच्या नळ्या, हरभऱ्याला पाणी देणारे तुषार सिंचनाचे काळे पाइप, शेततळ्याचे अस्तर, फवारणी पंपाची टाकी आणि पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात गोडे पाणी साठवण्याची पिंपे ही त्याची ठळक उदाहरणे होत. यांपैकी बहुतेक वस्तू पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात आणि नेमकी हीच दोन प्लास्टिके चिकटवण्यास अत्यंत अवघड आहेत. भेगेवर लावलेला गोंद वाळतो, पक्का झाल्यासारखा दिसतो आणि पाण्याचा दाब येताच सालपटासारखा निघून येतो. अशा वेळी गोंदाला दोष दिला जातो. प्रत्यक्षात वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे, हा पहिला प्रश्नच विचारलेला नसतो.

गोंद का धरत नाही?

पॉलिइथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना लागला. पुढे १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली उच्च घनतेचे पॉलिइथिलीन तयार करण्याची पद्धत शोधली आणि १९५४ मध्ये ज्युलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन घडवले. या दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. ही दोन्ही प्लास्टिके केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची बनलेली असतात. त्यांच्या पृष्ठभागावर गोंदाच्या रेणूंना पकडता येईल असे विद्युतभारित टोक जवळजवळ नसते.

हा गुण पृष्ठऊर्जेच्या आकड्यांत मोजतात. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची पृष्ठऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, तर पीव्हीसीची सुमारे ३९ असते. इपॉक्सी गोंदाचा पृष्ठताण ४५ च्या आसपास असतो. पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा कमी असली, की द्रव पसरत नाही. अळूच्या पानावर पाण्याचे थेंब गोळा होतात, तसा गोंद या प्लास्टिकवर नीट पसरत नाही. शिवाय सामान्य द्रावकांत ही प्लास्टिके साध्या तापमानाला विरघळत नाहीत.

प्लास्टिक ओळखावे कसे?

अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिइथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा नसल्यास छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात, तर पीव्हीसी, एबीएस आणि नायलॉन बुडतात. पाइपांवर छापलेला भारतीय मानकाचा क्रमांकही उपयोगी पडतो. पाणीपुरवठ्याच्या पॉलिइथिलीन पाइपांसाठी आयएस ४९८४, तर पीव्हीसी पाइपांसाठी आयएस ४९८५ हे मानक आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दुकानात मिळणारे 'सोल्युशन' केवळ पीव्हीसीसाठी असते. ते रूढ अर्थाने गोंद नव्हेच. त्यातील द्रावक पाइपाचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतात, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव सांधा उरतो. काळ्या पॉलिइथिलीन पाइपावर हेच सोल्युशन कितीही लावले, तरी ते निरुपयोगी ठरते.

उष्णतेची जोडणी

पॉलिइथिलीन जोडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग उष्णतेचा आहे. पाइपांची टोके सरळ कापून, साफ करून सुमारे २०० ते २२० अंश सेल्सिअस तापलेल्या सपाट तव्यावर दाबली जातात. कडेला वितळलेल्या प्लास्टिकची सारखी गोट आली, की तवा काढून दोन्ही टोके तत्काळ एकमेकांवर दाबून धरायची आणि थंड होईपर्यंत हलवायची नाहीत. सांधा पाण्यात बुडवून घाईने थंड करू नये, त्यामुळे तो कमजोर होतो. जात एकच असावी, हा येथील मुख्य नियम होय. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांशी वितळून पक्के जुळत नाहीत. पीव्हीसी तर कधीही आगीवर धरू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो.

ठिबकच्या बारीक नळीसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. फुटका भाग कापून जॉइनर बसवणे हाच स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

शेततळ्याचे अस्तर

राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली. तीस मीटर लांब, तेवढेच रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात, काठांचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. हे पाणी अवघ्या ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीच्या अस्तरावर थांबलेले असते. रोही किंवा रानडुकरे पाण्यासाठी उतरल्यास त्यांच्या खुरांनी अस्तर फाटते. तळाजवळची एक फाट वेळीच बुजली नाही, तर उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी जमिनीत जिरून जाते.

दुरुस्तीसाठी पाण्याची पातळी फाटीच्या खाली आणावी, गाळ धुऊन भाग पूर्ण कोरडा करावा. त्याच प्रकारच्या अस्तराचे ठिगळ फाटीच्या चहूबाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर मोठे कापावे व त्याचे कोपरे गोल करावेत, म्हणजे ते उचलले जात नाहीत. मग गरम हवेच्या यंत्राने दोन्ही थर मऊ करत रुळाने दाबत जावे. थंड झाल्यावर कड नखाने उचलून पाहावी. ती सुटली, तर काम पुन्हा करावे. ब्युटिल रबराची चिकटपट्टी मऊ असल्याने पॉलिइथिलीनला बऱ्यापैकी धरते, मात्र तिला तात्पुरता उपायच मानावे. उन्हाने ठिसूळ झालेले अस्तर ठिगळ धरत नाही, ते बदलावेच लागते. ओले अस्तर अतिशय निसरडे असते. त्यामुळे काठाला दोर बांधल्याशिवाय आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय तळ्यात उतरू नये.

गोंदच वापरायचा असल्यास

उष्णता देता येत नाही अशा छोट्या वस्तूंसाठी दोन मार्ग आहेत. पहिला प्रायमरचा. पॉलिओलेफिनसाठीचे प्रायमर आधी लावून त्यावर सायनोॲक्रिलेट हा झटपट गोंद लावल्यास पकड येते. याच प्लास्टिकांसाठी बनवलेले दोन भागांचे ॲक्रिलिक गोंदही मिळतात, पण ते महाग असतात. दुसरा मार्ग ज्योतीचा. निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागावरून क्षणार्धात फिरवल्यास तेथील रेणूंना ऑक्सिजन जोडला जातो आणि पृष्ठऊर्जा वाढते. त्या जागी पाणी सलग पसरले, तर प्रक्रिया साधली असे समजावे. ती जागा कोरडी करून, हात न लावता, लगेच इपॉक्सी लावावी. द्रावक, इंधन किंवा कीटकनाशकाचा अंश असलेल्या वस्तूवर ज्योत कदापि वापरू नये.

दुरुस्ती टाळावी तेथे

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशक त्वचेवाटेही शरीरात जाते. म्हणून पाठीवरच्या पंपाची टाकी तडकली, तर ती चिकटवू नये, बदलावी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून सामान्य गोंद लावू नये. तडा लहान असल्यास टाकी रिकामी करून त्याच प्लास्टिकच्या पट्टीने बाहेरून उष्ण वेल्डिंग करून घ्यावे. कीटकनाशकाचे रिकामे डबे धुऊन-सांधून पाण्यासाठी वापरणे तर सर्वथा धोक्याचे आहे.

दुरुस्तीला निघण्यापूर्वी वस्तूचा एक लहान तुकडा सोबत न्यावा आणि निवडलेली पद्धत आधी त्यावर करून पाहावी. एक दिवस थांबून सांधा हाताने ओढून तपासावा. तो टिकला, तरच मूळ वस्तूला हात घालावा.