इंटर्नशिप, मे २०२०

आज तुम्ही इंटर्न आहात. मे २०२०, सकाळचे सहा, बोरिवली पूर्व. सवयीने पाय स्टेशनकडे वळतात. पण लोकल मार्चपासून बंद आहे आणि अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठीसुद्धा ती १५ जूनलाच सुरू होणार आहे. तेव्हा ओळखपत्र दाखवून 'बेस्ट'च्या बसमध्ये चढा. द्रुतगती मार्ग इतका मोकळा, की अंधेरी कधी आलं ते कळतही नाही.

उतरायचं कूपरला. या पालिका रुग्णालयाला जोडून २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तोवर पालिकेच्या कॉलेजात एमबीबीएस करायचं तर उपनगरातल्या मुलांना परळ, शीव नाहीतर मुंबई सेंट्रल गाठावं लागे. तुम्ही त्या पहिल्या तुकडीतले. साडेचार वर्षं पुस्तकं आणि वॉर्ड झाले, आता वर्षभर हात चालवायला शिकायचं. कागदावर मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र आणि सामुदायिक वैद्यकशास्त्राला दोन-दोन महिने आहेत. प्रत्यक्षात ड्यूटी एकच, कोविड.

पीपीई चढवा. चष्म्याच्या कडेला चिकटपट्टी, पाठीवर मार्करने नाव, कारण आत कोण कोण आहे ते कुणालाच ओळखू येत नाही. मामा, मावशी, सिस्टर, रेसिडेंट सगळे सारखेच पांढरे. पाणी आताच पिऊन घ्या, पण बेतानं. पुढचे सहा तास घोट नाही आणि लघवीलाही जाता येणार नाही. स्वॅब घ्यायचे, रक्त काढायचं, सॅच्युरेशन लिहायचं, सिलिंडर संपत आला की हाक मारायची. दोन-दोन हातमोज्यांतून शीर चाचपडताना पहिली सुई चुकते, दुसरीही. आणि नातेवाइकांना फोन. वाईट बातमी कशी सांगायची, याचा सराव तुमच्याकडून कुणी करून घेतलेला नाही. हे काम सगळ्यांत कनिष्ठ माणसाकडे का येतं, याचं बरं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. ट्रॉलीच्या खणात डेक्सामेथासोन पडून आहे, स्वस्त आणि जुनं. १६ जूनला ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जाहीर होईल: या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आज मात्र सगळा भर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आहे.

"मॅडम, स्टिरॉइड देऊन पाहायचं का?"

रेसिडेंट मॅडम वर न बघता म्हणतात, "आधी बेड नंबर सातच्या एबीजीचं रक्त पाठव."

त्यांचं चुकत नाही. पुराव्याशिवाय इंटर्नच्या म्हणण्यावर औषध सुरू करू नये, हे त्यांनीच तुम्हाला शिकवलंय.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा होते: तुम्ही काही दिवस बाहेर राहू शकाल का? २२ मार्चला टाळ्या याच गॅलऱ्यांतून वाजल्या होत्या. डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद देणारा अध्यादेश एप्रिलमध्ये निघालाय. लिफ्टमधून उतरून जाणाऱ्या शेजाऱ्यांवर त्याचा इलाज नाही. पालिकेने कोविडकाळापुरतं इंटर्नचं मानधन ११ हजारांवरून ५० हजार केलं, हे चांगलंच झालं. राज्य सरकारी कॉलेजांतले इंटर्न मात्र त्याच कामासाठी ११ हजारांवरच राहिले आणि बरोबरीची मागणी करत राहिले.

पैशांपेक्षा मोठा तोटा वेगळाच. ओपीडी ओस पडली, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. बाळंतपण, टाके, प्लास्टर, लहान मुलाला सलाइन लावणं, हे सगळं हातानेच शिकायचं असतं. तुमच्या वर्षात त्याला जेमतेम वेळ मिळाला.

आता थेट एप्रिल २०२१ मध्ये या. इंटर्नशिप संपली आहे, १८ तारखेला पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी आहे. तीन दिवस आधी ती पुढे ढकलली जाते. ३ मे रोजी पंतप्रधान कार्यालय जाहीर करतं, की आणखी किमान चार महिने परीक्षा नाही. इंटर्नना देखरेखीखाली कोविडच्या कामाला लावा. शंभर दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. परीक्षा ११ सप्टेंबरला होते. मग आरक्षणाच्या वादात प्रवेशाचं समुपदेशन सर्वोच्च न्यायालयात अडकतं आणि थेट ७ जानेवारी २०२२ च्या आदेशानंतर सुरू होतं. तोवर मुंबईत तिसरी लाट आली होती आणि वॉर्डात पहिल्या वर्षाचे रेसिडेंटच नव्हते.