राष्ट्रीय शालेय आहार कार्यक्रम, ब्राझील

ब्राझीलच्या सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना मोफत जेवण देणारा, आणि त्यासाठीचा शेतमाल ठरावीक प्रमाणात लहान शेतकरी कुटुंबांकडूनच घेण्याचे कायद्याने बंधन घालणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून त्याला पीएनएई म्हणतात. शाळेतल्या जेवणाला लोक पूर्वापार ‘मेरेंडा’ म्हणत आले आहेत. सुमारे 4 कोटी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारा हा कार्यक्रम जगातील मोठ्या शालेय आहार योजनांत मोडतो. शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान जमा करण्याऐवजी त्याच्या मालाला हक्काचे गिऱ्हाईक मिळवून द्यायचे, ही त्यामागची कल्पना. स्थानिक अन्नाला सरकारने पाठबळ कसे द्यावे, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर फार थोड्या देशांनी शोधले आहे.

उपासमार ही निसर्गाने नव्हे तर समाजव्यवस्थेने लादलेली आहे, असे डॉक्टर आणि भूगोलतज्ज्ञ झोझुए दे कास्त्रो यांनी 1946 मध्ये ‘भुकेचा भूगोल’ या ग्रंथात मांडले. पुढे 1955 मध्ये शालेय आहाराची सरकारी मोहीम सुरू झाली. पहिली काही दशके ताटात पडणारे अन्न मात्र परके होते : युनिसेफची दूध पावडर, अमेरिकेतील शिलकी माल, नंतर कारखान्यांत तयार झालेली सुपाची पाकिटे. खरेदी केंद्राच्या पातळीवर होई आणि माल लांबचा प्रवास करून गावोगाव जाई. 1988 च्या राज्यघटनेने शालेय आहार हा विद्यार्थ्यांचा हक्क ठरवला. 1994 च्या कायद्याने खरेदीचे अधिकार राज्ये आणि नगरपालिकांकडे दिले. तरी सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्याची रीत कायम होती, आणि त्या स्पर्धेत दोन-चार एकरांवर भाजी पिकवणारा मोठ्या पुरवठादारापुढे टिकत नसे.

ही कोंडी 16 जून 2009 च्या कायद्याने (क्रमांक 11947) फोडली. केंद्राकडून आहारासाठी येणाऱ्या रकमेपैकी किमान 30 टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठीच वापरावी, असे त्याच्या 14 व्या कलमात म्हटले होते. या खरेदीला निविदेची अट नाही. नगरपालिका जाहीर आवाहन काढते, कोणता माल किती आणि केव्हा हवा ते सांगते आणि बाजाराची पाहणी करून भाव आधीच जाहीर करते. त्यामुळे शेतकऱ्यांना एकमेकांचा भाव पाडावा लागत नाही. कायद्यातील सगळ्यात शहाणपणाची तरतूद हीच. 30 टक्क्यांचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, पण निविदा कायम ठेवली असती तर तो कागदावरच राहिला असता.

कुटुंबशेती म्हणजे काय, हे 2006 च्या कायद्याने ठरवले आहे. जमीन चार ‘मोड्युलां’पेक्षा जास्त नसावी, कष्ट मुख्यतः घरच्यांचे असावेत आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा त्याच जमिनीतून यावा. एक मोड्युल विभागानुसार 5 ते 110 हेक्टरांचे असते. म्हणजे काही भागांत 440 हेक्टरांचा धनीही या व्याख्येत बसतो, हे महाराष्ट्रातील वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. एका कुटुंबाने एका खरेदीदाराला वर्षाकाठी किती विकावे यालाही मर्यादा आहे. 2009 मध्ये ती 9,000 रेआइस (ब्राझीलचे चलन) होती, आता 40,000 आहे.

विक्रेते निवडताना आधी त्याच गावचे, मग त्या परिसरातले, मग राज्यातले असा क्रम लावतात. जमीन सुधारणेतून वसलेली कुटुंबे, आदिवासी आणि किलोंबोला (पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्या) यांना अग्रक्रम आहे. सेंद्रिय मालाला 30 टक्क्यांपर्यंत जादा भाव देता येतो. 2023 च्या दुरुस्तीने स्त्रियांनाही वाटा दिला : कुटुंबाकडून व्यक्तिशः होणाऱ्या खरेदीपैकी किमान निम्मी आता घरातील स्त्रीच्या नावावर व्हावी लागते.

आदिवासी भागात मात्र आरोग्य परवान्यांची अट आडवी आली. नदीकाठच्या वस्तीत पकडलेला मासा, तिथेच दळलेले कसाव्याचे (साबुकंदाचे) पीठ किंवा आसाईची फळे त्याच वस्तीच्या शाळेला विकायची तरी सरकारी शिक्का हवा. परिणामी दूर जंगलातल्या मुलांना डबाबंद मांस आणि बिस्किटे मिळत. 2017 मध्ये अॅमेझोनास राज्यातील केंद्रीय सरकारी वकिलांनी स्पष्ट केले, की वस्तीने पिकवून वस्तीच्याच मुलांनी खाल्लेले अन्न हा घरगुती वापर मानावा. पुढे इतर राज्यांनीही हा मार्ग धरला. मुलाला त्याच्या आईच्या चुलीवरचे अन्न शाळेतही मिळावे, ही साधी गोष्ट. पण ती कायद्याच्या भाषेत बसवायला माणसे झटली, याचे मोल मोठे आहे.

जेवणाची यादी आहारतज्ज्ञानेच करावी आणि ती त्या भागाच्या खाण्याच्या सवयींना धरून असावी, असे कायदा सांगतो. भात आणि घेवड्याच्या बियांची उसळ हा बहुतेक ठिकाणी पाया. 2020 च्या नियमांनी 75 टक्के रक्कम ताज्या किंवा अल्पप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर खर्च करणे सक्तीचे केले. देखरेखीसाठी गावोगाव सात सदस्यांची आहार परिषद असते. तिच्यात पालक, शिक्षक आणि नागरी संघटनांचे प्रतिनिधी बसतात आणि अध्यक्षपद नगरपालिकेच्या प्रतिनिधीला मिळत नाही. परिषद नेमलीच नाही, तर केंद्र पैसे थांबवू शकते.

अडचणी थोड्या नाहीत. बिल देता न येणे, नियमित पुरवठा न जमणे किंवा स्वच्छतेची व्यवस्था अपुरी असणे, या तीन कारणांवर नगरपालिकेला किमान वाट्याच्या अटीतून सूट मिळते. अनेक नगरपालिकांनी या पळवाटेचा आधार घेतला आणि बऱ्याच ठिकाणी प्रमाण वर्षानुवर्षे खालीच राहिले. जिथे सहकारी संस्था उभी आहे आणि तिच्याजवळ मालवाहू गाडी आहे, तिथे योजना चालते. एकटा शेतकरी पाच शाळांना पहाटे कोथिंबीर पोहोचवू शकत नाही. 2020 मध्ये साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा शिधा घरी देण्याची मुभा मिळाली. पण अनेक गावांनी कोरडी पाकिटे वाटली आणि भाजीवाल्यांचा माल शेतातच राहिला.

30 सप्टेंबर 2025 च्या कायद्याने किमान वाटा 30 वरून 45 टक्के केला असून 1 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यामागची केंद्राची रक्कम 2017 पासून 2023 पर्यंत वाढलीच नव्हती. 2023 मध्ये ती माध्यमिकपर्यंतच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी दिवसाला 0.36 वरून 0.50 रेआइस झाली. ही रक्कम महागाईशी आपोआप जोडण्याची तरतूद 2009 च्या कायद्यात नाही, आणि एरवी विचारपूर्वक रचलेल्या या कार्यक्रमाची ती सर्वांत मोठी उणीव आहे.